पन्हळीचा हिशेब

घर बांधायला किती खर्च आला, हे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. तेच घर एकामागून एक पावसाळे उभे ठेवायला किती खर्च आला, हे सांगणारा क्वचितच भेटतो. बांधणी हा एकदाच घडणारा प्रसंग. त्याला मुहूर्त असतो, वास्तुशांत असते, पंगत असते. राखणीला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच घरांच्या इतिहासात चौक, ओसरी, कोरीव खांब सापडतात, पण वळचणीखालची पन्हळ सहसा सापडत नाही. ती साफ ठेवण्याचा खर्च हा विषय क्षुल्लक वाटेल खरा. परंतु तो कोणी दिला आणि कोणत्या रूपात दिला, एवढेच पाहत गेले तरी कोकण आणि मुंबई यांच्या गेल्या दीडशे वर्षांतला एक महत्त्वाचा धागा हाती लागतो.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या छपरावरून चार महिन्यांत सुमारे ३ लाख लिटर पाणी खाली येते. तासाला ५० मिलिमीटर अशी सर कोसळली, तर त्या एका तासात ५,००० लिटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे अशा एका छपरावर जवळजवळ ९४ हजार लिटर. आढ्याचे पाणी वळचणीलाच जायचे, असे आपण म्हणतो. प्रश्न वळचणीनंतरचा आहे.

मोकळ्या परसात एकटे उभे असलेले घर हा प्रश्न सहज सोडवते. पाखे लांब उतरवायचे, भिंतीपासून चार हात दूर पागोळ्या पडू द्यायच्या आणि पागोळ्यांच्या रेषेत दगड बसवायचे. अशा घराला पन्हळ लागत नाही. ती लागते दोन ठिकाणी: दोन पाखी जिथे एकमेकांना मिळतात तिथे, आणि शेजाऱ्याची भिंत जिथे जवळ येते तिथे. पहिली गरज घर वाढल्यामुळे निर्माण होते, दुसरी वस्ती वाढल्यामुळे.

शेजाराची ही अडचण फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे नियम आहेत. पाणी वाहून नेणारा मार्ग पुरेशा उताराचा हवा, त्याची मापे अमुक हवीत, आणि नियम मोडणाऱ्याला ५४ पण दंड, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. शेजारच्या दोन छपरांमध्ये चार अंगुळांचे अंतर असावे किंवा एक छप्पर दुसऱ्यावर चढलेले असावे, असाही नियम आहे. रोमन कायद्यानेही छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देण्याचा हक्क हा मालमत्तेचा एक स्वतंत्र हक्क मानला होता. छपरावरचे पाणी हे पावसाचे असले, तरी वळचण सोडताच ते कोणाचे तरी होते, एवढे या सगळ्या स्मृतिकारांना आणि कायदेपंडितांना ठाऊक होते. तुंबलेली पन्हळ हे भांडणाचे मूळ आहे, हेही त्यात आलेच.

जुन्या कोकणी घरावर कुंभाराने घडवलेले नळे असत. ते नुसतेच एकमेकांवर रचलेले. वारा, मांजरे, माकडे यांनी ते सरकत. म्हणून मृग लागण्यापूर्वी छप्पर शाकारावे लागे. फुटलेले नळे काढायचे, सरकलेले सारखे करायचे, पाला-माती झाडायची. पन्हळ असेच पोफळीच्या खोडाची: खोड उभे चिरून गाभा कोरून काढला की झाली. ती काही वर्षांत कुजे, तेव्हा दुसरी पोफळ पाडायची. नाण्यांत मोजायचे तर हा खर्च जवळजवळ शून्य होता, आणि या शून्याकडेच नीट पाहायला हवे. माल बागेतला होता, पण छपरावर चढणारी माणसे कोण होती? लहान घरात घरचीच, किंवा आज तुझे उद्या माझे या न्यायाने आलेली शेजारची. त्यांचे मोल जेवणात आणि भातात फिटे. मोठ्या घराची गोष्ट निराळी. खोती मुलखात कुळांकडून वेठ घेण्याची रीत होती. ज्या घराला माणसांचे श्रम हक्काने मिळत, त्याला मजुरीसाठी वहीत रकाना ठेवण्याचे कारण नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. ‘पूर्वी घरे स्वस्तात राखली जात’ असे म्हणताना हा स्वस्तपणा कोणाच्या पाठीवरून आला, हे विसरून चालणार नाही.

या हिशेबात पहिला मोठा बदल मंगळूरहून आला. बाझेल मिशनने १८६५ साली तिथे कौलांचा कारखाना काढला. फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचा जो नमुना सिद्ध केला होता, त्याच जातीचे हे कौल. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौले पुरत, आणि खाचेत खाच बसल्यामुळे ती सहजी सरकत नसत. दरवर्षीची शाकारणी त्यामुळे पुष्कळ कमी झाली. पण नळे गावच्या कुंभाराकडून धान्यावर मिळत. मंगलोरी कौले रोख पैशांनी विकत घ्यावी लागत. त्यांच्या जोडीला जस्ताचा पत्रा आला आणि पोफळीच्या पन्हळीची जागा पत्र्याच्या पन्हळीने घेतली. तीही रोखीचीच. कोकणातल्या कितीतरी घरांवर हे लाल छप्पर चढले ते मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर. श्रमांचा खर्च पैशांत बदलला, आणि पैसे मिळवणारा माणूस पन्हळीपासून दूर गेला. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याची झळ परळ-लालबागला बसली तशी गावाकडच्या छपरांनाही बसली असणार, हे सांगायला निराळा पुरावा नको.

मुंबईत तोच चाकरमानी ज्या चाळीत राहत होता, तिच्यावरही कौलेच होती, आणि दोन पाख्यांमधल्या पन्हळीत कबुतरांची घरटी, पाला, पतंगांचे कागद साचत होते. इथे खर्चाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने अडला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणपणे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. युद्धोत्तर महागाईत भाडेकरूंना तो मोठाच आधार होता, आणि त्याविना गिरणगाव टिकले नसते. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच राहिली. गवंडी, सुतार, पत्रा यांचे दर वाढत गेले, भाडे जागच्या जागी राहिले. मालक म्हणे, मिळते काय की खर्च करू? भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी का करू? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि पन्हळ तुंबलेलीच. शेवटी १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून अधिक निघाल्या. पण मंडळाचे काम प्रामुख्याने इमारतीच्या सांगाड्याच्या दुरुस्तीचे. म्हणजे तुळई कुजल्यावर सरकारी पैसा येणार. ती कुजू नये म्हणून मे महिन्यात पन्हळीतला पाला काढायला मात्र कोणाचाच पैसा नाही.

आणि तुळई कुजते ती नेमकी त्या पाल्यामुळे. पन्हळ भरली की पाणी पुढे सांडण्याऐवजी मागे वळते, कौलाखाली शिरते, वाशाच्या टोकाशी आणि भिंतीच्या माथ्याशी मुरते. लाकूड ओले राहिले की वाळवी येते; जांभा पाणी शोषून घेतो आणि भिंत आतून ओलावते. हे सारे वरून दिसत नाही. दिसते तेव्हा वासे बदलावे लागतात. एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीत टळणारे काम असे हजारो रुपयांचे होऊन बसते. घर फिरले की घराचे वासे फिरतात, असे म्हणतात. प्रत्यक्षात बहुधा वासेच आधी फिरलेले असतात.

या कटकटीतून सुटका म्हणून स्लॅब आला. सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले, आणि कोकणातही सपाट छपराची घरे झपाट्याने वाढली. कौल नको, वासा नको, पन्हळ नको, खर्च नको. परंतु सपाट छपराला पाणी थांबवायला शिकवावे लागत नाही. दहा-पंधरा पावसाळ्यांत गळती सुरू झाली. डांबर, रसायने, चिनीमातीच्या तुकड्यांचे थर असे उपाय झाले. आज कोकणात किंवा मुंबईच्या उपनगरांत उंचावरून पाहिले, तर स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर उतरते पत्रे दिसतात. त्या पत्र्यांच्या टोकाला पन्हळ आहे. कुठे पत्र्याची, कुठे प्लास्टिकचा पाइप मधोमध चिरून केलेली. पोफळीचे खोड चिरण्याची युक्ती तीच, फक्त खोड बदलले. ज्या वस्तूपासून सुटायचे होते, तीच एक मजला वर जाऊन बसली.

प्रत्येक नव्या छपराने खर्च संपवण्याचे आश्वासन दिले आणि प्रत्येकाने तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकला: कुळाच्या श्रमांवरून चाकरमान्याच्या पगारावर, तिथून मालक आणि भाडेकरू यांच्या भांडणावर, मग सरकारच्या उपकरावर, आणि आता लोखंड-पत्र्याच्या बिलावर. पाऊस तेवढाच पडतो. त्याचा वाटा कोणी ना कोणी भरतोच.

आज गावोगावी कुलूपबंद घरे आहेत. त्यांचे मालक गणपतीला येतात, म्हणजे भाद्रपदात, पाऊस बराचसा पडून गेल्यावर. मधल्या अडीच-तीन महिन्यांत आंब्या-फणसाचा पाला पन्हळीत बसून असतो. छपरावर चढू शकणारा माणूस गावात मिळणे दुर्मीळ झाले आहे, आणि मिळाला तर तो आपल्या कामाचे पुरे दाम मागतो. त्याबद्दल कुरकुर ऐकू येते. ती करण्याआधी एवढे आठवावे, की या कामाला आजवर पुरे दाम कधी मिळालेच नव्हते. घर राखायचे असेल, तर ते आता द्यायला हवे, आणि ज्येष्ठापूर्वी द्यायला हवे.