जुनी सॅन स्टॉर्म आणि टर्बोचं किट

मंडळी, श्रीपूरच्या एका मित्राकडे गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म आहे. फायबरची टू-सीटर, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, ताकद साधारण ६० बीएचपी. त्याला आता टर्बो हवाय, तोही सगळ्यात जास्त बूस्टवाला. म्हटलं, थांब, आधी १९६२ ची गोष्ट ऐक.

त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या काढल्या. शेवरोले कॉर्वेअरचं कॉम्प्रेशन ८:१ एवढंच ठेवलं. ओल्ड्समोबिल जेटफायरने मात्र १०.२५:१ चा हट्ट धरला. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते. त्यात कॉम्प्रेशन जास्त असलं की पेट्रोल अवेळी पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. यावर त्यांचा इलाज काय, तर पाणी आणि मिथेनॉल इंजिनात सोडायचं! त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते. डोकं भारीच, पण ती टाकी भरायला लोक विसरायचे. १९६३ नंतर जेटफायर बंद. पुढे कंपनीने काही गाड्यांचे टर्बो काढूनही दिले :)

मित्र म्हणतो, आता पेट्रोलमध्येच इथेनॉल आहे की! मळी-अल्कोहोलच्या गावचा माणूस, बोलणारच. ऑक्टेन वाढतो हे खरं, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप ई-२० साठी बनलेले नाहीत. ते आधी बदलायला हवेत.

माझं मत: छोटा टर्बो, इंटरकूलर, बेताचा बूस्ट. आणि किटवाल्याला पहिला प्रश्न बूस्टचा नाही, जास्तीचं पेट्रोल कुठल्या इंजेक्टरमधून देणार हा विचारायचा.