जमिनीवरून उठायला किती सेकंद? मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मोजमापाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. विषय आहे मोजमाप. पण हे मोजमाप दवाखान्यात सुरू होत नाही, ते घरात सुरू होतं. शिंदखेडा तालुक्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणू या. जेवणं होतात, सगळे उठतात आणि पाच-सहा वर्षांचं पोरगं मागे राहतं. ते आधी पालथं होतं, हात टेकून कंबर वर उचलतं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहतं. एसटीच्या पहिल्या पायरीवर त्याला काखेत धरून चढवावं लागतं. घरातले म्हणतात, आळशी आहे. आजी म्हणते, अशक्त कसला, पोटऱ्या बघा किती भरल्यात!

हेच उठणं लंडनमध्ये विल्यम गॉवर्स यांनी पाहिलं आणि १८७९ मध्ये त्याचं बारकाईने वर्णन केलं. गंमत म्हणजे ते वर्णनही एका व्याख्यानातलंच. आज डॉक्टर त्याला 'गॉवर्सची खूण' म्हणतात. त्याआधी १८५०च्या सुमारास एडवर्ड मेरियन यांनी एकेका कुटुंबातल्या अनेक मुलांना हा आजार होतो हे नोंदवलं होतं, आणि १८६०च्या दशकात फ्रान्सच्या दुशेन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. आजाराला नाव दुशेन यांचं मिळालं. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण तिथे स्नायूची जागा चरबीने आणि तंतूंनी घेतलेली असते. मात्र हे प्रथिन सापडायला १९८७ साल उजाडलं. तोपर्यंतची शंभर वर्षं डॉक्टरांचा एक मोठा आधार होता : मुलगा काय करू शकतो, ते बघणं.

आता 'बघणं' आणि 'मोजणं' यांत फरक आहे. दुसऱ्या महायुद्धात नसांना इजा झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये स्नायूंच्या ताकदीची शून्य ते पाच अशी श्रेणी छापली. आजही ती सगळीकडे वापरतात. सोपी आहे, पण तिच्यातली 'चार' ही पायरी फार रुंद आहे. जरासा जोर लावणाराही चारमध्ये आणि जवळजवळ धडधाकट माणूसही चारमध्ये. वर्षभरात मुलगा बराच उतरला तरी कागदावर आकडा तोच राहू शकतो.

म्हणून लोक ताकदीकडून कामाकडे वळले. १९६३ मध्ये विग्नोस आणि सहकाऱ्यांनी पायांसाठी दहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. जिना आधाराशिवाय चढणं ही पहिली पायरी आणि अंथरुणाला खिळणं ही शेवटची. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९८२ मध्ये वीस हालचालींना गुण देण्याची पद्धत आली. याच काळात अमेरिकेत ब्रूक आणि त्यांच्या गटाने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. औषध न देता हा आजार वर्षाला किती पुढे सरकतो, हे आधी मोजा. ते ठाऊक नसेल तर चाचणीत किती मुलं हवीत हेच ठरवता येत नाही. मूठभर मुलांवर औषध वापरून 'फरक वाटला' म्हणण्याचा काळ तिथे संपला.

त्याचं फळ १९८९ मध्ये दिसलं. १०३ मुलं, सहा महिने, आणि कुणाला खरं औषध मिळतंय हे ना मुलांना माहीत ना तपासणाऱ्यांना. प्रेडनिसोन या स्टेरॉइडने ताकद वाढली, जमिनीवरून उठायचा आणि चार पायऱ्या चढायचा वेळ सुधारला. स्टेरॉइडचे दुष्परिणाम आहेत, तरीही ही औषधं आज उपचाराचा पाया आहेत. त्यामागे स्टॉपवॉच लावून केलेलं साधं मोजमाप उभं आहे.

पुढे सहा मिनिटांची चाल आली. ही चाचणी मुळात फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी होती. दुशेनच्या मुलांसाठी ती थोडी बदलली : पंचवीस मीटरची पट्टी आणि पडलं तर धरायला मागे एक माणूस. अटालुरेन या औषधाच्या मोठ्या चाचणीत २३० मुलं होती आणि मुख्य प्रश्न हाच होता, की वर्षभराने सहा मिनिटांत किती मीटर? सगळी मुलं मिळून फरक निर्णायक ठरला नाही. सुरुवातीला ३०० ते ४०० मीटर चालणाऱ्या मुलांमध्ये मात्र तो ठळक दिसला. असं का? लहान मुलगा आजार असूनही वाढत असतो, म्हणून त्याचं अंतर वाढतंच. फार उतरलेला मुलगा औषध असो वा नसो, उतरतच जातो. मधल्यांच्या बाबतीतच पट्टीला काही दिसतं. पण असा गट वेगळा काढून निकाल वाचणं धोक्याचंही असतं, म्हणून वाद मिटला नाही.

मग 'नॉर्थ स्टार' आली : सतरा हालचाली, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन, एकूण ३४ गुण. २०२३ मध्ये एका जनुकीय उपचाराच्या चाचणीत १२५ मुलांमध्ये दोन गटांत फरक निघाला ०.६५ गुणाचा, म्हणजे मुख्य कसोटीवर अपयश. तरी उठायच्या आणि दहा मीटर चालायच्या वेळेत फरक दिसला आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता रुंदावली. पुढच्याच वर्षी हा उपचार घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. पट्टी कोणती निवडली यावर कोट्यवधी रुपये आणि मुलांचे जीव अवलंबून असतात, ते असे.

आता आपल्या बाजूने बघू. नॉर्थ स्टारच्या सतरा हालचालींत खुर्चीतून उठणं आहे, जमिनीवरून उठणंही आहे. पण मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपल्याकडे पंगत आणि शौचालय, दोन्ही त्यावरच चालतात. आणि चालणं थांबलेल्या मुलाचं काय? सहा मिनिटांच्या चाचणीला तो दिसतच नाही. त्याच्यासाठी हातांच्या कामाची वेगळी मोजपट्टी गेल्या दशकात आली. घास तोंडापर्यंत नेता येतो का, हा प्रश्न भाकरी खाणाऱ्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आजार बदलला की पट्टीही बदलते. मुंबईच्या डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातल्या ज्या डिस्ट्रॉफीचा अभ्यास केला, ती कंबर आणि खांद्यांना धरणारी, दुशेनपेक्षा निराळी. दुशेनच्या लहान मुलासाठी बेतलेली मोजपट्टी तिथे जशीच्या तशी चालत नाही.

सगळ्यात नवी पट्टी घोट्याला बांधतात. मुलगा घरी, गल्लीत, शाळेत चालतो तेव्हा त्याची सर्वांत वेगवान पावलं ती टिपते. युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तिला चाचणीचा मुख्य निकष म्हणून मान्यता दिली. दीडशे वर्षं फिरून मोजमाप पुन्हा घरात आलं.

तेव्हा, मंडळी, असं पोरगं दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका. मोबाइलवर जमिनीवरून उठतानाचा व्हिडिओ घ्या, तारीख लिहा. तीन-चार महिन्यांनी त्याच जागी पुन्हा घ्या. धुळ्याला किंवा मुंबईला डॉक्टरांना दाखवाल, तेव्हा 'आधीपेक्षा कमी झालंय' यापेक्षा 'नऊ सेकंदांचे चौदा झाले' हे जास्त उपयोगी पडतं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढा. हृदयाची आणि श्वासाची तपासणी चुकवू नका, आईची आणि बहिणीची जनुकीय तपासणी विचारून घ्या.

औषध येईल तेव्हा येईल. ते आपल्या मुलाला लागू पडलं की नाही, हे सांगायला आजची नोंद लागेल. ती आपल्यालाच करायची आहे. आता प्रश्न घेऊ या.