बसक्या नाकाचा देवमासा

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला, एक हदगावकडे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी बसून देवमाशावर लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या देवमाशाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याच्या इतिहासाचा आरंभही समुद्रकाठी नव्हे, धारवाडच्या मुलखात झाला, असे आम्हांस वाटते.

वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. १८२४ च्या कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि तरुण एलियट राणी चन्नम्माच्या हाती कैदी म्हणून सापडला. सुटका झाल्यावरही तो १८३३ पर्यंत त्याच भागात, म्हणजे तेव्हा ज्याला दक्षिणी मराठा मुलूख म्हणत तेथे, नोकरीस होता. तेथील सस्तन प्राण्यांची त्याने केलेली सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांची स्थानिक नावे तिच्यात आहेत. वडार लोक सुगीत उंदरांची बिळे खणून त्यांत साठलेले धान्य कसे काढून घेतात, हेही त्याने टिपले आहे. साहेबाच्या विद्वत्तेपेक्षा त्याची ही विचारून घेण्याची सवय आम्हांस अधिक मोलाची वाटते. रानात राबणाऱ्या माणसाला प्राण्याची माहिती पंडिताच्या आधी असते, हे त्याने ओळखले होते.

पुढे १८४५ ते १८५४ या काळात तो आंध्रच्या किनारपट्टीवर कमिशनर होता. विशाखापट्टणमलगतच्या वॉल्टेअर येथे एक विलक्षण लहान देवमासा त्याच्या हाती आला. स्पर्म देवमासा म्हटला की पन्नास-साठ फुटांचे धूड डोळ्यांपुढे येते. त्याचाच हा आप्त, पण लांबी फार तर नऊ फूट. डोके आखूड, नाक बसके, खालचा जबडा शार्कसारखा आत दबलेला. डोळ्यामागे माशाच्या कल्ल्यासारखी एक खोटी रेघसुद्धा! एलियटने देशी चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली आणि कवटीसह ती लंडनला रिचर्ड ओवेनकडे गेली. ‘डायनोसॉर’ हे नाव १८४२ साली ज्याने घडवले, तोच हा ओवेन. त्याच्यासमोर होती ती केवळ हाडे आणि चित्रे. तेवढ्यावरून १८६६ साली त्याने या जातीचे वर्णन केले आणि तिला ‘सायमस’, म्हणजे बसक्या नाकाचा, असे नाव दिले.

पंडितांना मात्र ते पटले नाही. केप ऑफ गुड होपहून मिळालेल्या एका डोक्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लॅनव्हील याने १८३८ मध्येच अशाच एका लहान देवमाशाचे वर्णन केले होते. ओवेनचा प्राणी तोच, असे ठरवून दोघांना एका नावाखाली घालण्यात आले. शंभर वर्षे ही समजूत टिकली. १९६६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स हँडली याने जगभरचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा दोन जाती पुन्हा वेगळ्या झाल्या. वॉल्टेअरच्या जातीला खालच्या जबड्यात दातांच्या ७ ते १२ जोड्या, दुसरीला बहुधा १२ ते १६. पहिलीचा पाठीवरचा पर उंच आणि पाठीच्या मध्याजवळ, दुसरीचा आखूड व मागे सरलेला.

एवढा काळ का लागावा? हा प्राणी जिवंत दिसतच नाही म्हटले तरी चालेल. तो खोल पाण्यात माकुळ खातो, समुद्र शांत असेल तेव्हाच पृष्ठभागावर ओंडक्यासारखा निश्चल पडलेला दिसतो, आणि घाबरला की तांबूस-तपकिरी द्रव सोडून त्या गढुळात नाहीसा होतो. त्याच्याविषयीचे बहुतेक ज्ञान किनाऱ्यावर आलेल्या मृत देहांतून मिळाले आहे. उन्हात एका दिवसात रंग काळवंडतो, खुणा पुसल्या जातात. म्हणून त्या ताज्या देहासमोर बसून रेघा ओढणाऱ्या चित्रकारांचे काम ओवेनच्या लेखणीइतकेच महत्त्वाचे होते. त्यांची नावे जातीच्या इतिहासात घेतली जात नाहीत, याची आम्हांस खंत वाटते.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देवमाशांना संरक्षण दिले आहे. तरीही एखादे धूड वाहून आले की दुर्गंधीच्या भीतीने ते घाईने वाळूत पुरण्याकडे कल असतो. त्याआधी मोजमाप झाले, छायाचित्र काढले, दात मोजले, तर किती तरी हाती लागेल.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत अटलांटिकमधील आणि हिंदी-प्रशांत महासागरांतील बसक्या नाकाचे देवमासे एकमेकांपासून बरेच दूर गेलेले आढळले. उद्या त्यांच्याही दोन जाती ठरल्याच, तर नामकरणाच्या नियमानुसार ओवेनने दिलेले नाव वॉल्टेअरच्या देवमाशाकडेच राहील. नवे नाव अटलांटिकवाल्याला शोधावे लागेल.