घाटात तापणारी गाडी आणि ओतलेलं पाणी

गवताचा हंगाम तोंडावर आलाय, गाड्या भरायला लागतील, म्हणून आजची नोंद पिकाची नाही, गाडीची. शहापूरवाल्यांना कसारा घाट, मुरबाडवाल्यांना माळशेज. बोनेट उघडून वाफ सोडत उभा असलेला ट्रक आपण लहानपणापासून बघतोय. पण तो का तापला, याचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलंय.

सुरुवात रेल्वेपासून. १८६५ साली कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी चढली. चढ ३७ फुटाला १ फूट. वाफेच्या इंजिनात पाणी उकळणं हेच काम, संपलं की परत भरायचं. एका इंजिनाला ओझं झेपत नाही म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर लावायची पद्धत पडली. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली आणि रेल्वेचा पाण्याचा प्रश्न मिटायला लागला.

रस्त्यावर सगळं उलटं. ट्रकात पाणी उकळलं की आजार, आणि मागून ढकलायला कुणी नाही. १९५४ ला टाटांनी डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, कुर्ल्याला प्रीमियरचे डॉज-फार्गो होतेच. तेव्हाच्या इंजिनाची ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. माल मात्र कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्तच असायचा, हे सांगायला नको.

डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो, उरलेला बराचसा पाण्यात उतरतो. सपाटीला वारा रेडिएटर थंड ठेवतो. घाटात इंजिन पूर्ण जोरात आणि गाडी माणसाच्या चालीने. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त तेव्हाच वारा सगळ्यात कमी. सगळा भार पंख्यावर. म्हणून पंख्याचा बेल्ट जरा ढिला असला तरी सपाटीला कळत नाही, घाट चुगली करतो.

जुने ड्रायव्हर कॅन भरून पाणी ठेवायचे. ओढा, विहीर, नंतर बोअर, जे मिळेल ते. त्या काळात ते बरोबरच होतं, दुसरा इलाज नव्हता. पण बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. नळी बारीक झाली की गाडी लवकर तापते, तापली की परत तेच पाणी. औषधानेच दुखणं वाढवलं म्हणा ना.

आता तर हा इलाज आणखी महाग पडतो. टर्बो, इंटरकूलर आले, २०२० पासून बीएस-६. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात घेणाऱ्या गाड्यांत त्याचीही उष्णता कूलंटवरच. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. साधारण निम्मं ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यं. साधं पाणी भरत राहिलं तर लायनरला बाहेरून बारीक भोकं पडतात आणि पाणी ऑईलमध्ये उतरतं. झाकणाचा दाबसुद्धा महत्त्वाचा. दाबामुळे पाणी शंभर अंशाला उकळत नाही, वीसेक अंश पुढे जातं. सैल झाकणाची गाडी बाकी सगळं ठीक असूनही उकळते.

मागच्या हंगामात माझं गवत भरलेली गाडी कल्याण रोडला ट्रॅफिकमध्ये तापली. पाणी दोनदा ओतलं, परत तीच गत. माल तबेल्यावर एक दिवस उशिरा गेला आणि भाव कापला तो माझा. मिस्त्रीने हेड गॅस्केट सांगितलं, खर्च ऐकून मालक खाली बसला. मी म्हटलं थांबा, मोकळ्या रस्त्याला काटा जागेवर राहतो, रांगेत उभं राहिलं की चढतो, म्हणजे आतलं पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. इंटरकूलर सैल करून मागे बघितलं तर रेडिएटरच्या तोंडावर गवताच्या कुसळांची गोधडी! पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारली, काम झालं.

उलट, सपाट मोकळ्या रस्त्यालाही तापत असेल तर आत बघा. काटा वर आणि वरचा होज पाईप गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पंप पाणी फेकत नाही. वरचा चटका देणारा आणि खालचा अगदी गार, तर रेडिएटर आतून चोंदलाय. गॅस्केटचा संशय असेल तर गाडी पूर्ण गार असताना झाकण काढून चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑईल चहासारखं दिसलं, तर मग मिस्त्री म्हणतो ते खरं.

जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, बोगद्यातून कसारा घाट टळतो. माळशेजला तसं काही नाही. तिथे काटा चढला तर गाडी बाजूला घ्या आणि पाणी गळत असेल तर लगेच बंद करा. गरम झाकणाला हात लावू नका, वाफेने तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. तासभर थांबा.