उसना घेतलेला शेवट: ‘सुपरमॅन २’ची गोष्ट

आजचा भाग एका जुन्या प्रश्नाबद्दल आहे. प्रश्न माझाच आहे, आणि तो मला पडला तेव्हा मी चौथीत होतो.

गणपतीचे दिवस होते. आमच्या मंडळाने भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता, आणि रस्त्यावर सतरंजी टाकून आम्ही पोरं ‘सुपरमॅन २’ बघत होतो. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण गोष्ट कळत होती. हा माणूस एका बाईसाठी आपली सगळी ताकद सोडून देतो. मग एका खानावळीत ट्रकवाल्याचा मार खातो आणि स्वतःचं रक्त बघून चकित होतो. आणि थोड्या वेळाने परत उडत येतो! मी शेजारच्या दादाला विचारलं, “अरे, पण ताकद परत आली कशी?” दादा म्हणाला, “सिनेमा आहे. आली!”

खूप वर्षांनी मला कळलं की प्रश्न बरोबर होता. उत्तर देणारा प्रसंग चित्रित झालेला होता. तो डब्यात बंद होता.

झालं असं. अलेक्झांडर साल्काइंड आणि त्यांचा मुलगा इल्या, हे या सिनेमाचे निर्माते. या बापलेकांनी आधी ‘थ्री मस्केटियर्स’ काढला होता, १९७३ साली. एकच सिनेमा म्हणून शूटिंग केलं आणि त्याचे दोन सिनेमे करून विकले. नटांना पैसे मात्र एकाचेच. प्रकरण कोर्टात गेलं, आणि तेव्हापासून हॉलिवूडच्या करारांमध्ये ‘साल्काइंड कलम’ म्हणून एक अटच आली. ‘सुपरमॅन’च्या वेळी त्यांनी उघड सांगितलं की आम्ही दोन सिनेमे एकदमच करणार आहोत. मूळ कथा ‘गॉडफादर’वाल्या मारिओ पूझोची, दिग्दर्शक रिचर्ड डोनर, आणि शूटिंग सुरू झालं १९७७ मध्ये.

डोनरचा आग्रह एकच होता, की हे सगळं खरं वाटलं पाहिजे. माणूस उडतो, ठीक आहे, पण उडणाऱ्या माणसाची थट्टा करायची नाही. आता एवढ्या आग्रहाला वेळ लागतो आणि पैसा लागतो. निर्माते आणि डोनर यांचं इतकं बिनसलं की मध्यस्थ म्हणून ‘मस्केटियर्स’चे दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांना आणावं लागलं. शेवटी ठरलं की दुसऱ्या भागाचं काम थांबवायचं आणि आधी पहिला पुरा करायचा. दुसऱ्याचा बराच मोठा भाग तोवर चित्रित झालेला होता.

आणि इथे, मंडळी, माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली कळीची घटना घडली. सुपरमॅन पृथ्वीभोवती उडतो आणि काळ मागे फिरवतो, हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी ठरला होता. पहिल्या भागाचा शेवट साधा होता: त्याने अंतराळात फेकलेल्या क्षेपणास्त्राच्या स्फोटाने जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार कैदेतून सुटतात, पुढचं पुढच्या भागात. पण पहिलाच पडला तर दुसरा बघणार कोण? म्हणून दुसऱ्याचा शेवट उचलून पहिल्याला लावला. म्हणजे शेजाऱ्याकडून साखर आणावी तसा शेवट उसना आणला, आणि परत करायचं राहून गेलं.

पहिला सिनेमा डिसेंबर १९७८ मध्ये आला आणि जोरात चालला. त्यानंतर डोनरना काढून टाकलं आणि दुसरा भाग लेस्टरकडे दिला. लेक्स लूथरचं काम करणाऱ्या जीन हॅकमननी परत यायला नकार दिला. म्हणून पडद्यावर दिसणारा त्यांचा सगळा अभिनय डोनरच्या वेळचा आहे, आणि जिथे गरज पडली तिथे डमी उभा केला. छायाचित्रणकार जेफ्री अन्सवर्थ तोवर वारले होते. आणि सुपरमॅनच्या वडिलांचं काम करणारे मार्लन ब्रँडो! त्यांना सुमारे ३७ लाख डॉलर आणि वर कमाईत वाटा असा करार होता. त्या वाट्यावरून भांडण कोर्टात गेलं. निर्मात्यांनी दुसऱ्या भागातून ब्रँडोचे प्रसंगच काढून टाकले आणि वडिलांच्या जागी आई उभी केली.

आता माझ्या प्रश्नाकडे येऊ. काढलेल्या प्रसंगांपैकी एकात ताकद गमावलेला मुलगा वडिलांच्या प्रतिमेपुढे येऊन चूक कबूल करतो. वडील आपल्यात उरलेली शेवटची शक्ती त्याला देतात आणि कायमचे विझतात. ताकदीची किंमत वडिलांनी चुकवली. सिनेमात त्या जागी काय दिसतं? मुलगा हाका मारतो, त्याला एक हिरवा स्फटिक सापडतो, आणि कट! हिशेबाच्या भांडणात गोष्टीचा कणाच गेला.

तरीही हा सिनेमा टिकला, आणि का टिकला तेही सांगायला हवं. पहिल्या भागातला खलनायक फक्त डोकेबाज होता. इथे टेरेन्स स्टॅम्पचा झॉड नायकाइतकाच बलवान आहे, आणि वर त्याला कसलीच माया नाही. शहराच्या मधोमध बरोबरीच्या महाबलींची लढाई एवढ्या मोठ्या प्रमाणावर आधी कुणी दाखवली नव्हती. आणि ख्रिस्तोफर रीव्ह! चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, आवाज बदलतो, आणि त्याच कपड्यांत दुसराच माणूस उभा राहतो. लेस्टरवर राग काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की शेकोटीत हात पडूनही भाजत नाही, म्हणून लोइसला सत्य कळतं, तो सुंदर प्रसंग लेस्टरचाच आहे.

पण त्याच लेस्टरना गांभीर्याची भीती वाटते. खलनायक फुंकर मारून रस्ता उडवतायत, लोक मरू शकतात, आणि कॅमेरा काय दाखवतो? उडालेला टोप, तोंडावर आपटलेलं आइस्क्रीम. सुपरमॅन छातीवरचं चिन्ह सोलून जाळ्यासारखं फेकतो. आणि शेवट? काळ फिरवणं तर वापरून झालेलं. मग एक चुंबन, आणि लोइस सगळं विसरते. ज्या प्रेमासाठी त्याने सगळं सोडलं, ते तिला न विचारता तिच्या डोक्यातून पुसून टाकलं. लहानपणी यात काही वाटलं नव्हतं. आज बघताना मला ते खुपतं.

२००६ मध्ये ‘डोनर आवृत्ती’ आली. ‘सुपरमॅन रिटर्न्स’साठी ब्रँडोची जुनी दृश्यं वापरायची परवानगी मिळाली होती, त्यातून वाट मोकळी झाली. एक प्रसंग मुळात चित्रितच झाला नव्हता, तिथे रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या चाचणीची जुनी फीत लावली आहे. केस वेगळे, अंगकाठी वेगळी, तरी प्रसंग जिवंत आहे. वडिलांचा तो प्रसंग मी तिथे पहिल्यांदा बघितला आणि खरं सांगतो, गळा भरून आला. दादाला फोन करून सांगितलं, “ताकद कशी आली ते कळलं.” त्याला काही आठवतच नव्हतं!

मला वाटलं होतं, आता सिनेमा दुरुस्त झाला. नाही झाला. कारण शेवटी परत काळच मागे फिरतो, पहिल्या भागासारखाच. वर गंमत अशी की काळ फिरवल्यावर खानावळीतली मारामारी घडलेलीच नसते, तरी सुपरमॅन जाऊन त्या ट्रकवाल्याला बडवून येतो!

म्हणून दोघांपैकी चांगला दिग्दर्शक कोण, या वादात मी आता पडत नाही. विनोदाचा दोष लेस्टरचा, आणि वडिलांची उणीव निर्मात्यांची. पण शेवटाची फजिती दोन्ही आवृत्त्यांत आहे, कारण ती पहिला भाग पुरा करतानाच ठरली होती. तेव्हा तो निर्णय कुणाला चुकीचा वाटला नाही, आणि पहिल्या भागापुरता तो नव्हताही.

तुम्ही बघणार असाल तर आधी १९८० ची आवृत्ती बघा, मग २००६ ची. आणि घरातलं एखादं लहान पोर शेजारी बसलं असेल आणि मध्येच “कसं काय?” म्हणून विचारलं, तर “सिनेमा आहे” म्हणून गप्प बसवू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.