मेस्तक ते पीएचपी : जपून ठेवलेल्या कोडची कुळकथा

वेबसाइट घडविणाऱ्या बहुतेक अभियंत्यांजवळ कोडच्या तुकड्यांचा एक खासगी साठा असतो. अर्ज पडताळण्याचा तुकडा, डेटाबेसशी जोडणी करण्याचा तुकडा. एकदा नीट चालला की टिपून ठेवायचा आणि पुढच्या कामात उतरवायचा. या सवयीचे वय मात्र वेबहून पुष्कळ अधिक आहे. 🧵

मराठी दफ्तराला ती जुनीच ओळखीची. यादवांचा करणाधिप हेमाडपंत याच्या नावाने चालत आलेले ‘मेस्तक’ हे पत्रांचे मायने व हिशेबाच्या रीती सांगणारे टिपणच होय. कारकुनाने प्रत्येक पत्राचा मायना नव्याने रचत बसायचे नसते, तयार नमुना उचलायचा असतो.

संगणकाच्या जगात हेच काम केंब्रिजला झाले. तेथील एडसॅक यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालला. लवकरच विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी वारंवार लागणाऱ्या गणितांचे आज्ञासंच छिद्रित कागदी फितींवर उतरवून त्यांचे ग्रंथालयच उभारले आणि १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक आज्ञासंच किती जागा घेतो, किती वेळ लावतो, हेही त्यांनी नोंदविले. ही शिस्त पुढे फार थोड्यांनी पाळली.

आता पूस नदीकाठच्या पुसदकडे येऊ. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी या तालुक्याच्या गावी बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी आपल्याकडे संगणक दुर्मीळ आणि त्यावर बसण्याचा वेळ मोजका. म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, मग यंत्रावर चढवायचा, आणि चालला की जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचा.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांना या विषयाचा लेखकही जवळचाच लाभला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभर गेले. बेल लॅब्जच्या ब्रायन कर्निगन यांनी ‘हॅलो, वर्ल्ड’ने आरंभ करण्याचा पायंडा पाडला होता; कानेटकरांच्या पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम मात्र सरळव्याजाचा! मुद्दल १०००, मुदत ३ वर्षे. हेमाडपंताच्या कारकुनालाही तो उमगला असता.

पण नकलेबरोबर नकलेचे दोषही येतात. ‘टर्बो सी’ या जुन्या साधनापुरती असलेली, पडदा पुसण्याची आज्ञा प्रमाणित सी भाषेत कधीच नव्हती. तरी जर्नलांतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिली. जसे दिसले तसेच उतरविले, असे सांगून हात झटकणारे पोथ्यांचे लेखनिक येथे आठवावेत.

वेबवर याचा परिणाम गंभीर झाला. मुळात पीएचपी हीच एका विकासकाची टिपणवही! रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली छोटी साधने १९९५ मध्ये सर्वांना खुली केली आणि त्यांतून ही भाषा वाढली. तिच्यातील मायएसक्यूएल-जोडणीचे तुकडे असंख्य वह्यांत गेले. त्यांपैकी कितीतरी तुकड्यांत वापरकर्त्याने टंकलेला मजकूर न तपासता थेट डेटाबेसच्या आज्ञेत जोडलेला असे. परिणामी नावाच्या रकान्यात नावाऐवजी आज्ञा लिहिली, की परक्यालाही सगळी नोंदवही उघडता येई.

२०१३ मध्ये ही जुनी जोडणी कालबाह्य ठरविण्यात आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढली, की जुन्या वहीतून उतरविलेली संकेतस्थळे त्या ओळीपाशी थांबू लागली. तुकडा कोणत्या आवृत्तीसाठी व केव्हा लिहिला, ही नोंद मात्र वहीत क्वचितच सापडे.