जागा कुठे घ्यावी? : डहाणू-तलासरीच्या जमिनीचा एक जुना प्रश्न

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या हाती चार पैसे शिल्लक पडू लागले की त्याला एक प्रश्न हटकून पडतो : जागा कुठे घ्यावी? एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा असा पालघर जिल्हा अस्तित्वात आला, आणि या प्रश्नाच्या उत्तरांत डहाणू-तलासरीचे नाव वरचेवर येऊ लागले. आमच्या परिचितांपैकी काहींनी सल्ला विचारला तेव्हा आम्हीही प्रथम इतरांसारखेच नकाशा उघडून बसलो. नवख्या गुंतवणूकदाराला तीन गोष्टी पाहावयास सांगतात. रेल्वे किंवा महामार्ग किती जवळ आहे, पुढे कोणता मोठा प्रकल्प येऊ घातला आहे, आणि भाव अजून किती खाली आहे. या तिन्ही कसोट्यांवर हे दोन तालुके उतरतात. मात्र तिसऱ्या कसोटीपाशी आम्ही थबकलो. इथली जमीन स्वस्त का? हा प्रश्न अर्थशास्त्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते ठाऊक नसताना विसार देणे धोक्याचे आहे, असे आमचे मत झाले. प्रस्तुत लेख त्या मताची कैफियत आहे.

या मुलखात जमिनीत पैसा गुंतवणारे आपण काही पहिले नव्हे. मुंबई-बडोदा रेल्वेमार्ग १८६४ साली मुंबईत पोहोचला आणि डहाणूची किनारपट्टी व तिच्या पाठीमागचे जंगल एकाएकी मुंबईच्या बाजारपेठेला जोडले गेले. शहराला इमारती लाकूड हवे होते, घोड्यांना आणि तबेल्यांतील म्हशींना गवत हवे होते. ज्या डोंगरउतारांना तोवर कोणी मोल देत नव्हते, त्यांवरच्या गवताला मोल आले. तेव्हाच्या गुंतवणूकदारानेही स्टेशन, मागणी आणि भाव या तीनच गोष्टी पाहिल्या असाव्यात. सावकार, लाकडाचे ठेकेदार, दारूचे मक्तेदार असे नाना लोक या भागात आले. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-मोहाची घरगुती दारू गुन्हा ठरवली होती. त्यामुळे वारल्याला दारूसाठीही दुकानदाराचेच खाते उघडावे लागले.

याच काळात इराणातून आलेली झरथुष्ट्री कुटुंबेही इथे स्थिरावली आणि घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांच्या कष्टाचे व कौशल्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते उगाच नव्हे. तथापि बाग लावण्यापूर्वी जमीन कोणाकडून तरी हातात यावी लागते. ती कशी आली, या प्रश्नावर बागेच्या सावलीत बसून बोलण्याचा प्रघात मात्र नाही.

वारली, कोकणा, धोडिया, काथोडी ही या भागातील मूळची माणसे. सरकारी सारा रोखीत भरावा लागू लागला आणि रोख पैसा फक्त सावकाराकडे होता. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की खावटीचे भात उचलावयाचे आणि सुगीला ते वाढीसह फेडावयाचे. लग्नासाठी कर्ज काढावे तर नवरा 'लग्नगडी' होऊन सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबणार, आणि त्याची बायकोही. कर्ज फिटेना, जमीन फिरे. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला. आज आपण ज्याला फेरफार आणि सातबारा म्हणतो त्या कागदांची ही पूर्वपीठिका होय. शेतकऱ्याचा हक्क सुरक्षित करणे हा तिचा हेतू खरा; पण ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यासाठी नोंदवही म्हणजे तो जे बोलला नाही ते त्याच्या नावावर चढवणारी वही. जमीन कसणारा तोच राहिला, तीच नांगरट, तोच चिखल; कागदावर मात्र तो कूळ झाला आणि कूळ होता होता वेठबिगार झाला. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३८ साली इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीविषयी सरकारला अहवाल दिला, त्यात वेठ आणि सावकारी यांचे हे चित्र सरकारी भाषेतच नमूद झाले. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरली नाही.

पुढचा भाग मराठी वाचकाला थोडाबहुत माहीत असतो. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर तिचे सूत्रधार होते. वेठ द्यावयाची नाही, असा ठराव झाला आणि तो काही महिन्यांत अमलातही आला. पाठोपाठ गवताचा प्रश्न निघाला : ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी हवी. ज्या गवतापायी हा मुलूख 'गुंतवणूकयोग्य' ठरला होता, त्याच गवताच्या मजुरीवर संप उभा राहावा यात इतिहासाची एक सरळ संगती आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा लिहिला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक आपण साहित्य म्हणून वाचतो. जमीन घेऊ पाहणाऱ्याने ते दस्तऐवज म्हणूनही वाचावे, असे आम्ही सुचवतो.

कारण आजच्या गुंतवणूकदाराला ज्या अटी जाचक वाटतात, त्या याच इतिहासातून जन्मल्या आहेत. १९४८ च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव केला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिनी' कुळाला मालकीचा हक्क दिला. कायदा झाला तरी जमिनी हातून जातच राहिल्या, म्हणून १९७४ साली दोन गोष्टी झाल्या. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा आला. आणि जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घालून, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यापूर्वी शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरवली. परवानगीवाचून झालेला व्यवहार जिल्हाधिकारी कित्येक वर्षांनंतरही उघडू शकतात. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तलासरीत २०११ च्या जनगणनेनुसार दहांतील नऊ माणसे अनुसूचित जमातींची. अशा ठिकाणी 'मालक तयार आहे, कागद नंतर पाहू' हे वाक्य दलालाच्या तोंडी ऐकले की त्यामागे किती पिढ्यांचे मौन उभे आहे, हे ओळखावे. साठेकरार, कुलमुखत्यारपत्र, किंवा आपल्याच गड्याच्या नावे केलेली खरेदी या पळवाटांनी कायदा चुकवता येतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खावटी देणाऱ्या सावकाराजवळही अशाच युक्त्या होत्या.

भाव कमी असण्याचे दुसरे कारण अलीकडचे आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर क्षेत्राची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि १९९८ साली त्याने वाढवण येथील बंदराला नकार दिला. चिकूच्या बागा, मच्छीमारांची गावे आणि आदिवासी पाडे जे काही टिकून आहेत, त्यात या नकाराचा वाटा मोठा आहे. पण न्या. धर्माधिकारी २०१९ साली निवर्तले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. भाववाढीची भाकिते आज याच बंदराच्या जोरावर केली जातात. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी जमिनीच्या विक्रीसाठी ग्रामसभेची संमती लागेल असे राज्यपालांच्या अधिसूचनेने २०१६ साली ठरले होते. पुढच्याच वर्षी महामार्ग-रेल्वेसारख्या शासकीय प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. लहान खरेदीदाराला दार बंद आणि मोठ्याला भिंतच बाजूला, असा हा न्याय आहे. त्याची तक्रार लहान खरेदीदाराने करावी, पण स्वतःसाठी खिडकी मागू नये.

मग जागा घ्यावी की न घ्यावी? आम्ही कोणाच्या संसाराचे हिशेब करू इच्छित नाही. इथे बिगर-आदिवासींच्या मालकीची कायदेशीर जमीन आहे, बिनशेती भूखंड आहेत, शहरातील सदनिका आहेत, आणि त्यांचे व्यवहार उघडपणे होतात. आमचे म्हणणे एवढेच की भावाच्या आधी फेरफार वाचावा. ताजा नव्हे, १९५७ पर्यंत मागे जाणारा. प्रत्येक फेरफारात एक नाव कमी होते आणि एक नाव वाढते. कमी झालेले नाव कोणाचे, ते का कमी झाले, ते वारस आज कुठल्या पाड्यावर राहतात, वनहक्काचा दावा तिथे प्रलंबित आहे काय, हे विचारावे. वकील हे प्रश्न व्यवहार टिकावा म्हणून विचारतो. आपण ते झोप लागावी म्हणून विचारावेत.

जमीन स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते. डहाणू-तलासरीत ती कोणी चुकती केली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहाटेच्या लोकलने डहाणू रोडला उतरावे, बाजाराच्या नाक्यावर मजुरीच्या प्रतीक्षेत उभी असलेली माणसे पाहावीत, आणि मग खिशातला सातबारा पुन्हा एकदा उघडावा. असो.